विहिरीचं पाणी आणि शकूची गाळणी

प्रिय सई आणि ईशान,

आत्याआजीचं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गाडीने गेले, अंगणातल्या सतरंज्या वाळून घडी होऊन आत गेल्या, भाड्याची भांडी परत गेली. घर जागेवर आलं तशी मी लिहायला बसले. एवढी घाई करण्याचं कारण सई आहे. परवा फोनवर तुझं रडून झालं, तू जरा थांबलीस आणि हळूच विचारलंस, "आजी, खरं सांग, ती तीच जलेबी आहे का?" तुझ्या मैत्रिणीच्या आईने म्हणे तिचा मासा मेला की गुपचूप दुसरा आणून ठेवायचा असा क्रम वर्षानुवर्षं चालवला होता. आणि तुझी मासोळी, आपली जलेबी, तुम्ही इथे ठेवून गेलात तेव्हा आपल्या जबलपूरच्या खव्याच्या जलेबीसारखी काळी होती, म्हणून तर तिचं हे नाव. आता व्हिडिओवर ती तांब्याच्या गडूसारखी दिसते.

मला राग आला नाही. प्रश्न बरोबर आहे. उत्तर होय असं आहे. ती तीच आहे. तिच्या जातीचे काळे गोल्डफिश वय झालं की रंग सोडतात. ईशानने एकदा हीच शंका काढली तेव्हा आत्याआजीने त्याला आपलं पांढरं डोकं दाखवून विचारलं होतं की मग मी तरी तीच आहे का.

पण नुसत्या होय म्हणण्याने तुझं समाधान होणार नाही हे मला कळतं. माशाला काही आधार कार्ड नसतं. माझ्याजवळ पुरावा एकच, ती बाई कशी होती हा. तो द्यायचा तर मला तिच्याशीच बोलावं लागेल. तुमची आत्याआजी म्हणजे माझी शकू, आणि शकूबद्दल शकूच्या पाठीमागे बोलायची मला सवय नाही, जे काय भांडले ते तोंडावर भांडले. तेव्हा पुढचं सगळं तिला आहे. तुम्ही दोघं शेजारी बसून ऐका, आणि मराठी अडेल तिथे बाबाला विचारा.

शकू,

आधी मापाची गोष्ट सांगते, म्हणजे पोरांना तुझी ओळख पटेल. मी नागपूरहून लग्न होऊन जबलपूरला या अधारतालच्या घरात आले तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. तू माझी धाकटी नणंद, नुकतीच फॅक्टरीच्या तपासणी विभागात लागली होतीस. दिवसभर धातूचे तुकडे मोजायचीस आणि चुकलेले परत पाठवायचीस. मी पाय उचलणार तेवढ्यात तू वाकून मापात बघितलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "थांबा वहिनी, माप काठोकाठ नाही भरलं." सासूबाईंनी डोळे वटारले, फोटोवाला खोळंबला, आणि तू शांतपणे आत जाऊन मूठभर तांदूळ घेऊन आलीस. मी मनात म्हटलं, या मुलीशी माझं एकतर फार जमणार किंवा मुळीच जमणार नाही. दोन्ही झालं.

आपण दोघी व्यवस्थित बायका, पण आपले धर्म वेगळे. मला वस्तू जागेवर लागायची. तुला ती बरोबर लागायची, मग ती जमिनीवर लोळत का असेना. तुझं पाना-पक्कड मी उचलून कपाटात ठेवायची आणि तू संध्याकाळी घरभर ओरडत फिरायचीस की या घरात वस्तू सापडत नाहीत कारण त्या लावून ठेवतात.

विवेक सूनबाईला आणि पोरांना घेऊन कॅनडाला निघाला त्या सकाळी व्हरांड्यात बॅगा रांगेत उभ्या होत्या. सई दुसरीत होती. काचेची टाकी तिने स्वतः तुझ्या खोलीत ठेववून घेतली होती. आत दोन मासे, काळी जलेबी आणि नारंगी पपई. निघताना तिने तुला दोन अटी घातल्या. मासे बदलायचे नाहीत. आणि मेले तर त्याच दिवशी सांगायचं. विवेक हसला, मीही हसले. तू हसली नाहीस. फॅक्टरीत माल ताब्यात घेताना करायचीस तसं तू दोन्ही अटी तिला परत म्हणून दाखवल्यास, आणखी काही आहे का ते विचारलंस, आणि मग हात पुढे केलास. दुसरीतल्या मुलीने तुझा हात हातात घेऊन हलवला. सई, तुला हे आठवत असेल तर पुढचं सगळं तिथेच ठरलं होतं हे लक्षात घे.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग उन्हाळ्यात जलेबी तळाशी बसायला लागली. बसायची म्हणजे काय, पोट वाळूला लावून पंख मिटून पडून राहायची. पपईच्या शेपटीवर लाल रेघा आल्या. काचेवर शेवाळ असं चढायचं की सकाळी पुसलं तर दुपारी परत हिरवं. आणि हे सगळं असताना पाणी डोळ्यांना लख्ख दिसत होतं. तू दाणे टाकायचीस, जलेबी बघायचीही नाही. तुझं जेवण कमी झालं ते मला दिसत होतं. तू म्हणायचीस, उन्हाळा आहे.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. विवेककडून पाणी तपासायची पेटी मागवली. इंग्रजीतलं माहितीपत्रक नीट वाचलं, काचेच्या नळ्या चिठ्ठ्या लावून रांगेत उभ्या केल्या. नळीत पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब घालायचे, हलवायचं आणि थांबायचं. पिवळा रंग आला तर नायट्रेट नाही. नारंगी आला तर सांभाळा. आपल्या टाकीचं पाणी लाल झालं, जास्वंदीसारखं. माशांच्या घाणीतून शेवटी जे उरतं ते हे नायट्रेट. दिसत नाही, वास येत नाही, आणि माशाला हळूहळू खातं. पत्रकात उपाय लिहिला होता की पाणी बदला. मी म्हटलं, झालं, सोपं आहे.

रविवारी पाणी बदलायचा आपला नेम होता. तो आता बुधवारीही झाला. मोटर लावली की तळाचा गाळ येतो म्हणून तू माशांसाठी विहिरीचं पाणी बादलीने शेंदायचीस, त्या वयात, कंबर धरून. नळाचं पाणी टाकीत घालायचं नाही, त्यात क्लोरीनचं औषध असतं, हे या घरात सगळ्यांना पाठ होतं. मी तपासायची. लाल. पुन्हा बदलायचं. लाल. माझा चेहरा बघून तू म्हणालीस, "वहिनी, तुम्ही पाणी बदलून राहिल्या की नायट्रेट भरून राहिल्या?" तू थट्टा करत होतीस. मग तुझी थट्टा मध्येच थांबली. तू नळी हातात घेऊन विहिरीकडे बघितलंस.

शकू, तो क्षण मी पोरांना नीट सांगते, कारण तू कोण होतीस ते त्या एका क्षणात आहे. पण त्याआधी त्यांना विहीर माहीत हवी.

राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. मामंजींच्या बरोबरीच्या अनेकांनी बदल्या मागून घेतल्या, बरेचसे भाऊबंद तिकडे गेले. मामंजी राहिले. अधारतालला तेव्हा मोकळी जमीन होती, तिथे त्यांनी जागा घेतली आणि घराआधी विहीर खणायला काढली. खाली सगळा काळा दगड. खणणारे कंटाळून गेले, दुसरे आणले. पाणी लागलं त्या दिवशी मामंजींनी पेढे वाटले नाहीत, जो येईल त्याला तांब्याभर पाणी दिलं. आता आपण इथले, असं ते म्हणाले होते. ते वाक्य तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की मी तिथे हजर नव्हते हे मी विसरते. ईशान झाला तेव्हा सूनबाईने याच विहिरीला हळदकुंकू वाहिलं, सई झाली तेव्हाही. पाहुण्याला चहाआधी विहिरीचं पाणी द्यायचं आणि गोड आहे की नाही ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, हा तुझा नियम होता.

तर तू नळी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "ज्या पाण्याने धुऊन राहिलो ते पण तपासा नं. मोजायचं गेजच चुकीचं असेल तर तुकड्याला काहून दोष?"

मी विहिरीचं ताजं पाणी घेतलं. थेंब घातले. ठरलेली वेळ व्हायच्या आधीच नळी लाल झाली.

मी आजूबाजूला बघितलं. चारी बाजूंना आता घरं झाली होती, प्रत्येकाचा शौचाचा खड्डा, पलीकडे भाजीचे वाफे आणि त्यात युरिया, आणि सगळ्यांच्या मध्ये आपली विहीर. पाणी गोड होतं, लख्ख होतं, आणि आपण आठवड्यातून दोनदा, कंबर धरून, कौतुकाने, तेच आपल्या माशांना पाजत होतो. तुला एक वाक्य पुरलं असतं. तू म्हणू शकली असतीस की पेटी जुनी आहे, वहिनींनी थेंब जास्त घातले. तुझ्या वडिलांची विहीर होती, मी ते वाक्य मान्यही केलं असतं. तू स्वतः नवीन पाणी शेंदलंस आणि स्वतः तपासलंस. पुन्हा लाल. मग पायरीवर बसून राहिलीस. जरा वेळाने उठून स्वयंपाकघरात गेलीस आणि पिण्याच्या माठातलं पाणी कुंड्यांना ओतून टाकलंस. त्या दिवसापासून आपण प्यायला नळाचं पाणी घेतलं. विहिरीवर तू एक पाटी लावलीस, तान्ह्या बाळांना हे पाणी देऊ नये अशी, हिंदीत, मोठ्या अक्षरांत, म्हणजे शेजारच्यांनाही वाचता यावी.

सई, जी बाई आपल्या बापाच्या विहिरीबद्दल खोटं बोलली नाही, ती तुझ्याशी एका माशाबद्दल बोलेल का?

तरी मोह समोर आला होताच. विवेकने फोनवर मला बाजूला घेऊन सांगितलं की जलेबी जगणार नाही असं दिसतंय, तर कांचघर बाजारातल्या दुकानात तशीच काळी मिळेल, सईला कळणारही नाही, आत्याला समजाव. मी काय समजावणार, फोन स्पीकरवर होता. तू लांबूनच म्हणालीस, "विवेक, तुझ्या पोरीने मला मासा नाही दिला, तिचा विश्वास दिला. तो दुकानात मिळत असेल तर सांग, मी आत्ता रिक्षा करते." मला त्याची दया आली. पण त्या दिवशी मी तुझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते तुला दिसलं नसावं. तू वाटी धूत होतीस.

आता आपलं न संपलेलं भांडण. मी म्हटलं, मग टाकीला नळाचं पाणी घेऊ. तू नाही म्हणालीस, मग हो म्हणालीस, आणि घाईने एक बादली थेट नळाखालून भरून अर्धी टाकीत ओतलीस. पावसाळ्यात नळाला औषध जास्त असतं. पपई वर येऊन तोंड उघडून हवा घ्यायला लागली. आपण दोघींनी पदर खोचून दोन्ही माशांना पातेल्यात काढलं. तेव्हापासून तू म्हणायचीस की वहिनींचं पाणी मारकं, आणि मी म्हणायची की पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घातलं असतं तर काही झालं नसतं. शकू, मी अजूनही तेच म्हणते. एक दिवस उघडं ठेवायला हवं होतं. आता तू उत्तर देणार नाहीस म्हणून मी जिंकले असं मी मानत नाही. आपलं हे प्रकरण खुलंच राहू दे.

त्यानंतर तू एका सकाळी जाहीर केलंस की विहीर सोडायची नाही आणि मासेही सोडायचे नाहीत. विहिरीला गाळणी लावायची.

मी म्हटलं फिल्टर तर आहेच टाकीला. तू म्हणालीस तो काय करतो ते वाचून सांगा. मग दुपारच्या दुपारी मी इंटरनेटवरचे इंग्रजी लेख मराठीत सांगायची आणि तू मध्येच अडवायचीस. चष्मा सारखा करून "म्हणजे काय?" विचारायचीस. मी आयुष्यभर वर्गात शिकवलं, पण एवढी उलटतपासणी करणारी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती. आपल्याला कळलं ते असं. फिल्टरच्या स्पंजात जिवाणू राहतात. ते माशाच्या घाणीतलं जहाल विष खातात आणि त्याचं नायट्रेट करून सोडतात. तिथे त्यांचं काम संपतं. त्यांना हवा लागते, आणि हवेत राहणारा जिवाणू नायट्रेटला हात लावत नाही. नायट्रेट खाणारे निराळे. त्यांना हवा मिळाली नाही तरच ते नायट्रेट फोडून त्यातला प्राणवायू घेतात, आणि उरलेला वायू बुडबुडा होऊन निघून जातो.

तू ऐकून घेतलंस. "म्हणजे त्यांना कोंडून ठेवायचं," तू म्हणालीस. "अच्छा. कोंडते."

लेखात एक युक्ती होती, पण चित्र अस्पष्ट होतं. बोटापेक्षा बारीक प्लास्टिकची नळी घ्यायची, खूप लांब, आणि तिची गुंडाळी करायची. एका टोकाने टाकीचं पाणी आत सोडायचं, अगदी थेंब थेंब. सुरुवातीच्या वेढ्यांतले जिवाणू पाण्यातली हवा संपवतात. पुढच्या वेढ्यांत हवा नसतेच, तिथे कोंडलेले उपाशी जिवाणू नायट्रेट खातात. दुसऱ्या टोकाने जे पाणी पडतं ते स्वच्छ. लांबी किती, वेग किती, यावर प्रत्येक लेखकाचं मत वेगळं होतं. मी म्हटलं, हे लोकच एकमेकांशी भांडतायत. तू म्हणालीस, मग आपण घरच्यासारखंच समजू.

थेंब मोजून सोडायला काय वापरायचं हा प्रश्न तू कांचघरच्या औषधाच्या दुकानात सोडवलास. मी सोबत होते म्हणून सांगते. तू सलाइनच्या नळीचं ते चाक मागितलंस, ज्याने थेंब कमी-जास्त करतात. दुकानदाराने काळजीने विचारलं, "किसको चढ़ाना है दीदी?" तू म्हणालीस, "मछलियों को, भैया. कमज़ोर हो गई हैं." त्याने दोन दिले आणि पुढे बरेच दिवस आपल्याला बघितलं की माशांची तब्येत विचारायचा.

तू गुंडाळी केलीस ती जुन्या पिठाच्या डब्यावर. एकही वेढा दुसऱ्यावर चढला नाही. मी टेबलावर कागद अंथरला होता, तू काम जमिनीवर केलंस. सुरू केलं आणि आठवड्याभरात तुझ्या खोलीत सडक्या अंड्याचा वास सुटला. शेजारच्या मिश्राईन बाई दारातून विचारून गेल्या की नाली तुंबली का. मी म्हटलं हे बाहेर काढ. तू म्हणालीस, वास येतोय म्हणजे पाणी आत फार वेळ थांबून राहिलंय, वेग वाढवते. वाढवलास तर वास गेला, पण तपासणीची नळी पुन्हा लाल. मग कमी. मग जरा जास्त. मधल्या काळात गुंडाळीतून नायट्रेटच्या आधीचं विष निघायला लागलं, ते माशांना आणखी वाईट. पण तू पहिल्या दिवसापासून ते पाणी टाकीत जाऊच दिलं नव्हतंस, खाली बाटलीत धरत होतीस. तपासून पास होत नाही तोवर माल आत घेत नसतात, असं तू मला सुनावलंस. मी शेवग्याला ते पाणी घातलं, शेवगा खूश झाला.

आणि साखर. कोंडलेल्या जिवाणूंना खायला चिमूटभर साखरेचं पाणी द्यावं असं लेखात होतं. तू चिमटीने न देता सढळ हाताने दिलंस. तुझं गोड खाणं सगळ्या अधारतालला माहीत आहे. पाणी ताकासारखं झालं. "जबलपूरचे जिवाणू आहेत," तू म्हणालीस, "थोडं गोड जास्तच लागतं." त्या दिवशी मी खूप दिवसांनी पोट धरून हसले, आणि तूही. जलेबी तळाशी पडलेली होती आणि आपण दोघी हसत होतो. हसून झाल्यावर तू टाकीकडे बघून म्हणालीस की त्या पोरीला फोन करायची वेळ आली तर मी करीन, तुम्ही करायचा नाही.

ती वेळ आली नाही.

एका दुपारी तू मला हाक मारलीस. तुझी हाक नेहमी भांडणाची असायची, ही तशी नव्हती. गुंडाळीतून पडलेल्या पाण्याची नळी तू खिडकीत उजेडाला धरली होतीस. पिवळी. लिंबाच्या सालीसारखी स्वच्छ पिवळी. तू मला पुन्हा तपासायला लावलंस, माझ्या हाताने, कारण तपासणाऱ्याने स्वतःचा माल स्वतः पास करायचा नसतो. पिवळी. मग ते थेंब आपण टाकीत पडू दिले. उंचावरून, म्हणजे पडता पडता हवा घेतील.

टाकीचा लाल रंग उतरायला बराच काळ लागला. जास्वंदीचा विटकरी झाला, विटकरीचा नारंगी, शेवटी नारंगीचा पिवळा. तू पाणी साठवायच्या निळ्या ड्रमला दुसरी गुंडाळी लावलीस आणि विहिरीचं पाणी आधी तिथे फिरवून मगच टाकीला घ्यायला लागलीस, म्हणजे माझं पाणी बदलणंही चालू राहिलं आणि तुझी गाळणीही. जलेबी आधी वाळूवरून उठली. मग मधल्या पाण्यात आली. आणि एके दिवशी तू दाणा टाकलास आणि तो बुडायच्या आत तिने गिळला. तू खुर्चीवर बसलीस आणि पदराने तोंड पुसलंस. तोंडाला काही लागलं नव्हतं.

रविवारी सईला व्हिडिओ लावला. जलेबी काचेला तोंड लावून उभी होती. सई ओरडत होती आणि तू फोन धरून एवढंच म्हणत होतीस, "पाहून घे बेटा, नीट पाहून घे." संध्याकाळी तू खव्याच्या जलेब्यांचा डबा घेऊन गल्लीत घरोघर गेलीस. लोकांना वाटलं तुझी पेन्शन वाढली. तू सगळ्यांना सांगितलंस की आमच्या विहिरीला गाळणी बसली. मिश्राईन बाईंना काही समजलं नाही, पण त्यांनी दोन जलेब्या घेतल्या.

पपई गेल्या वर्षी गेली, म्हातारपणाने. तिचं पाणी त्या सकाळीही तपासणीत पिवळंच आलं होतं. तू फोन करायला घड्याळ बघितलंस, तिकडे सगळे झोपेत होते. तू थांबलीस, आणि तिकडचं उजाडताच सईला उठवून तूच सांगितलंस. मी म्हणत होते, तिची परीक्षा आहे, चार दिवसांनी सांग. तू म्हणालीस, त्याच दिवशी ठरलं होतं. सई, तू तेव्हा खूप रडलीस आणि आत्याआजीला थँक्यू म्हणालीस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या फोनमध्येच आहे. जिने पपई मेल्याचं सांगितलं तिने जलेबीबद्दल लपवलं नाही.

शकू, दवाखान्यातलं मी फार लिहिणार नाही. एवढंच, की तू सलाइनचं चाक स्वतः फिरवलंस आणि नर्स रागावली, "अम्मा, यह आपकी टंकी नहीं है." तू तिला सॉरी म्हणालीस आणि ती वळताच मला डोळा मारलास. शेवटच्या संध्याकाळी तू देवाचं नाव घेतलं नाहीस, माझंही नाही. विचारलंस, "थेंब बरोबर पडून राहिले नं?" मी हो म्हटलं. मी सकाळी घरी टाकी बघून आले होते, म्हणून हो म्हटलं. तुझ्याशी मी अंदाजाने बोलले नसते.

जे बोलायचं राहिलं ते हे. तू नळी खिडकीत धरून मला हाक मारलीस तेव्हा मी म्हणाले होते, बरं, आता जमिनीवरचा पसारा उचल. मला म्हणायचं होतं की एवढं सुंदर काम मी या घरात दुसरं पाहिलं नाही. आता म्हणते.

ग्वारीघाटावर तुझ्या अस्थी सोडून झाल्या तेव्हा सिहोऱ्याहून आलेले तुझे चुलतभाऊ नाना मला म्हणाले की वहिनी, शकूचा तो मासाही इथेच नर्मदेत सोडून देऊ, तिला पुण्य लागेल, आणि तुम्हाला या वयात ते झंझट कशाला. चारजणांनी माना हलवल्या. त्यांचा हेतू चांगला होता. टाकीत म्हातारा झालेला गोल्डफिश नदीत दोन दिवस जगत नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "नाना, मासा शकूचा नाही. सईचा आहे. शकूने फक्त सांभाळायला घेतला होता, आणि आता मी घेतला आहे."

नाना म्हणाले, पण ते यंत्र चालवणार कोण. मी म्हटलं, मी. मग मी त्यांना तिथे घाटाच्या पायरीवर उभं राहून सगळं समजावलं. स्पंजातले जिवाणू, कोंडलेले जिवाणू, थेंबाचा वेग, सगळं. नानांनी तीनदा "म्हणजे काय?" विचारलं आणि मी तीनदा सांगितलं. एवढ्या वर्षांत मी तुझ्या बाजूने पहिल्यांदाच भांडत होते, आणि मला ते फार छान जमलं. घरी येऊन मी आंघोळ केली, चष्मा लावला आणि चाक किंचित आवळलं, कारण आपण सगळे धावपळीत असताना थेंब जरा जोरात पडायला लागले होते.

आज सकाळी पाणी तपासलं. माझं मीच तपासलं, त्याला इलाज नाही. पिवळं आलं. विहिरीला पाणी आहे, पाटी जागेवर आहे, दोन्ही गुंडाळ्या चालू आहेत, आणि जलेबी जिवंत आहे.